पहिले वाळू दे

शेंदूरजनाघाट, ता. वरुड
७ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबांना नागसेनचा सविनय जय भीम.

मी इकडे बरा आहे. तुम्हीही बरे आहात असं ताई सांगते. पण मी बरा आहे असं ती तुम्हालाही सांगत असेल, तेव्हा तिच्यावर किती भरोसा ठेवायचा ते तुमचं तुम्ही पाहा. आईच्या कुरडया पोचल्या. अर्ध्या शेखरच्या कुत्र्यानं खाल्ल्या.

पत्र पाहून म्हणाल, याचा फोन मेला का. फोन आहे. रोज काढतो, तुमच्या नावावर अंगठा नेतो, मग बॅटरी किती आहे ते पाहून खिशात टाकतो. लिहिताना निदान समोरून तुमचं ते "हं" येत नाही.

मी ट्रेलर बांधून राहिलो हे ताईनं सांगितलंच असेल. जुन्या व्हॅनच्या मागे जोडायचा, आत एक पलंग, स्टोव्हला कोपरा, एक खिडकी. लोखंडी सांगाडा वेल्डरनं केला, बाकी सगळं मी. माझा दोस्त शेखर, त्याच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या शेडमध्ये काम चालू आहे. संत्री अजून हिरवी, म्हणून शेड रिकामं. तोड सुरू झाली की शेखर मला आणि ट्रेलरला एकाच लाथेत बाहेर काढेल. यंदा फळगळ फार आहे, तो सकाळपासून खाली पडलेली फळं मोजत बसतो आणि चिडतो. ते जाऊ द्या.

खालचं प्लायवूड गेलं, बाबा.

अठरा एमएमचं होतं. थर सुटले, भिजलेल्या वहीसारखे. खालून बोट दाबलं तर बोट आत जातं. परवा शेखरची आई, पार्बताबाई, चहाचा कप घेऊन आत पाहायला चढली. दोन पावलं टाकली आणि उजवा पाय घोट्यापर्यंत खाली. लागलं नाही, चहाही सांडला नाही. तिथंच उभी राहून मला म्हणते, "काहून रे नागसेन, तुह्या घराले दार खालून ठेवलं का?"

शेखर हसत हसत शेडबाहेर गेला. मला हसू आलं नाही. दोन महिने पाठीवर पडून काम केलं, एक भुवई डांबरात गेली, आणि हे. आता जो येतो तो शिकवतो. वेल्डर म्हणतो पत्रा ठोक. शेखर म्हणतो ट्रॅक्टरचं जळकं ऑइल पाज. हार्डवेअरवाल्यानं रबरी रंगाचा डबा काढला, "हे लावा अन् खुशाल समुद्रात न्या." वरुडात समुद्र कुठून आणू? मी डबा घेतला नाही. खरं सांगायचं तर रंग कमी पडला म्हणून हे झालंच नाही.

जुलैमध्ये मी ताईला म्हटलं, बाबाले विचार, खालून ओल लागू नये म्हणून काय करायचं. चाळीस वर्षं ट्रकचे हौदे बांधले तुम्ही, दुसऱ्या कोणाला विचारणार? तुम्ही सांगितलं, आणि तिनं राजापेठेतल्या क्लासमध्ये पोरं शांत करता करता टाइप केलं. अजून मोबाइलमध्ये आहे. "बाबा म्हणतात, पहिले वाळू दे, मग डांबर दे. कडा सोडू नको."

मी वाचलं, वाळू. म्हणजे रेती. तुम्ही रेतीच म्हणाला असाल आणि मास्तरीणबाईंनी शुद्ध करून वाळू लिहिलं असेल, असं मला वाटलं. मग काय, शेखरच्या घराच्या बांधकामाची रेती पडली होती, पावसात भिजलेली. प्लायवूडला खालून गोंद लावला आणि मुठीमुठीनं वर मारली. अर्धी चिकटली, अर्धी डोळ्यात. त्यावर डांबराचे दोन हात. कडासुद्धा सोडल्या नाहीत. ओली रेती आत, वरून डांबर, ओल जाईल कुठून? करताना एकदा मनात आलं की हे उलटं आहे. पण तुमची चूक काढायची हिंमत गेल्या वर्षीच्या जुलैपासून राहिली नाही.

काल ताईला तो मेसेज फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "अरे बयताडा, रेती नाही. बाबा 'वायू दे' म्हणाले होते. मीच ते नीट करून लिहिलं."

वायू दे, म्हणजे सुकू दे. तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर बहिऱ्यालाही कळलं असतं. डोळ्याला डोया, काळ्याला काया, जन्मापासून ऐकतो आहे. पण तुमच्या तोंडून ऐकायची सोय मीच ठेवली नव्हती.

ट्रेलरखाली पडल्यावर दिसतं काय, तर वीतभर वर लाकूड. कूस वळवता येत नाही, उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. पंचविसाव्या वर्षी माझे गुडघे बोलतात. गेल्या वर्षी जुलैत तो हौदा अर्धा टाकून गेलो तेव्हा खालच्या फळ्यांना डांबर द्यायचंच बाकी होतं. "चहा पिऊन येतो" म्हणालो आणि पचमढीला गेलो. तुम्ही एकसष्टाव्या वर्षी ट्रकखाली शिरले. तुमच्या गुडघ्याचं मला ताईकडून कळलं. मागच्या दसऱ्याला तुम्ही पहिल्यांदाच दीक्षाभूमीवर गेले नाही, जमिनीवर निजणं होत नाही म्हणून, तेही तिच्याकडूनच.

सगळ्यांना सांगितलं, फिरायला ट्रेलर करतो. ते खोटं आहे. मागे आईला तुमच्या पलंगाची उंची मोजायला लावली होती, तिनं विचारलं काहून, मी म्हटलं असंच. आतला पलंग बरोबर तेवढाच आहे. तुम्हाला आणि आईला दोन दिवस नागपूरला नीट निजता यावं, एवढंच.

दसऱ्याला पंचवीस दिवस राहिले. सडलेला तळ काढला. प्लायवूडच्या नवीन दोन पाट्या भिंतीला उभ्या केल्या आहेत, ऊन सरकलं की मीही त्यांना सरकवतो. तुम्ही बोटाच्या गाठीनं ठोकून ओल ऐकता. मी ठोकतो तर मला सगळं सारखंच ऐकू येतं. तेव्हा हे पत्र पोचलं की तुम्ही फोन करा. मी फोन पाटीला धरतो आणि ठोकतो, तुम्ही ऐका. वाळली असेल तर तसं सांगा. नसेल तर "वायू दे" म्हणा, आणखी काही बोलायचं नसलं तरी चालेल. ताईला मध्ये घेऊ नका, ती शुद्ध करते.

गुडघा माझ्यामुळे गेला. हे लिहायला चार कागद फाडले.

चहा प्यायला गेलेला, अजून न परतलेला तुमचा,
नागसेन