अर्जुनसालीचा रकाना

नाना, मी आता देवासच्या एका इस्पितळात फार्मासिस्ट आहे. सोमवारपासून इथे गोळ्यांच्या जोडीला तेलमालिश, प्राणायाम आणि काढा सुरू होतोय. तुम्हाला आवडलं असतं. मालिश मलाही पटते. ऑपरेशननंतर डोळा न लागणारी माणसं त्यानंतर झोपलेली मी पाहिली आहेत. काढ्यासाठी मात्र माझी सही हवी आहे, की तो कुठल्याही औषधासोबत चालेल. मी म्हटलं, आधी फॉर्मवर एक रकाना घाला, घरी आणखी काय घेता. मॅनेजर हसले. "मॅडम, तुम्ही तर पोलीस ठाणं उघडून राहिल्या! आणि सगळे 'काही नाही'च सांगतात."

ते खरं आहे. मीही तेच सांगितलं होतं.

कुक्षीच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुम्ही अर्जुनाची साल उकळताय. पाणी चौथाई होईपर्यंत मला हलू देत नाही. "तुम्ही कॉलेजात मोजता, मी वासावर ओळखतो." मग धारचा दवाखाना. रक्त पातळ करायची गोळी सुरू होणार आहे, फॉर्म माझ्या हातात आहे. तुम्ही खाटेवरून म्हणता, "बेटा, काढ्याचं लिही." मी फार्मसीच्या पहिल्या वर्षाला, समोर डॉक्टर उभे. मी हळूच म्हणते, "नाना, इथे असलं सांगत नसतात," आणि 'काही नाही' लिहिते. घरी आल्यावर गोळी आणि काढ्याची वाटी, दोन्ही मीच तुमच्या हातात देत होते. अकराव्या दिवशी नाकातून सुरू झालेलं रक्त थांबलं नाही.

काढ्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. तेवढा पुरावा नाही. पण ज्या डॉक्टरांनी तो विचार करायचा, त्यांना मी करूच दिला नाही. आई अजून म्हणते, दवाखान्याने मारलं. मी तिला कधी दुरुस्त केलेलं नाही.

सही न करण्याचं कारण मॅनेजरना उद्या लेखी हवंय. पुस्तकातलं दिलं, तर म्हणाले, "असं कुठे झालंय? एक केस दाखवा, बस." एक केस माझ्याकडे आहे. ती दाखवली तर आईपर्यंत पोचेल. नाही दाखवली तर सोमवारी वॉर्डात वाट्या फिरतील.

रकान्याचा फॉर्म मी स्वतःच टाइप केला. पहिला तुमच्या नावाने भरून पाहिला. अर्जुनसाल, सकाळी, एक वाटी. त्याखाली मी आणखी एक प्रश्न घातला होता, घरी कोण देतं. तो मघाशी काढून टाकला.