बाजूला काढलेलं पिल्लू

आये, आधी चांगली गोष्ट सांगते. पिल्लू वाचलं. कसलं पिल्लू, कुणाचं, ते सांगतेच, पण हे पहिलं ऐकून घे, कारण पुढचं ऐकायला तू थांबशील का नाही कुणास ठाऊक. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर पेन्सिलीनं लिहितेय. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यातली निम्मी मेंढरांमागं गेली, तेव्हा अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतंय. तुला तरी कुठं वाचता येत होतं, म्हणून लाज वाटत नाही.

आमच्या नारायणगावच्या घरामागं सुनेनं पाच-सहा गावरान कोंबड्या पाळल्यात. त्यातल्या एकीनं नऊ पिल्लं काढली. नात तिसरीला आहे, शाळेतून आली की दप्तर भिरकावून आधी पिल्लं मोजते. त्या दिवशी आठच भरली. नववं पाण्याच्या टाकीमागं सापडलं, पंख पाडून, डोळे मिटून, बूड घाणीनं चिकटलेलं. सून म्हणाली, "आत्याबाई, त्ये काय टिकत न्हाई. ऱ्हाऊ द्या तिकडंच." पण पोरीनं ते फ्रॉकच्या ओच्यात घेतलेलं, आणि तिचं तोंड असं झालेलं की मी काय बोलणार? बुटाचा खोका आणला. आपल्या दादांच्या, तुझ्या धन्यांच्या, घोंगडीचा एक तुकडा मी अजून जपून ठेवलाय, तो खाली घातला. वर बल्ब टांगला, लाईट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. कोमट पाण्यानं बूड पुसून काढलं. गुळाचं पाणी कापसाच्या बोळ्यानं चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडलं. चोचीत ओतायचं नाही, ठसका लागून मरतं, हे तूच शिकवलेलं. चौथ्या दिवशी माझ्या बोटावरचा तीळ दाणा समजून त्यानं टोच मारली, आणि मी एवढी हसले की कवळी सुटली. नात नाचायला लागली. लई गुणाची पोर आहे बघ, तुझ्यासारखीच हनुवटी.

मधल्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. खरं तर त्याच्यासाठीच वही घेतली. मी दळणाला गेले होते. परत आले तर नात खुराड्यापुढं उकिडवी बसलेली, पिल्लू हातात, आणि हात कोंबडीच्या पंखाखाली चाललेला. मी धावले आणि तिच्या हातावर फाडकन मारलं. "हात तोडीन! आजारी पिल्लू बाजूला म्हंजी बाजूला!" हे शब्द माझे नाहीत आये, तुझे आहेत, जसेच्या तसे माझ्या तोंडातून आले. पोर रडायची थांबून माझ्याकडं बघतच राहिली. त्याआधी मी तिला कधी बोट लावलं नव्हतं. मग हुंदके देत म्हणाली, "आजी, त्याला थंडी वाजत होती. आईपाशी ठेवत होते."

मी पण तेच म्हणाले असते, तू विचारलं असतंस तर.

अवसरीचं आपलं घर आठवतं? तुझं आणि काकीचं अंगण एकच, उकिरडा एकच, मधे भिंत सुद्धा नव्हती. दिवाळी झाली की दादा आणि काका मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे ते थेट पाऊस तोंडावर आल्यावर परत. मागं तुम्ही दोघी जावा आणि मी. तुम्ही एका चुलीवर भाकरी करायच्या. एकदा घरच्या शेळीचा पाय पडून एक पिल्लू निपचित झालं होतं. तू त्याच्यावर घमेलं पालथं घातलंस आणि वरून पळीनं बडवायला लागलीस, आवाजानं जीव परत येतो म्हणून. काकी कमरेवर हात ठेवून म्हणते, "जाऊबाई, लगीन कुणाचं काढलंया?" तू म्हणतेस, "ह्या पिल्लाचं. तू वरमाय हो, ये वाजवाया." आणि दोघी मिळून वाजवताय, हसून हसून डोळ्याला पदर लावताय. घमेलं उचललं तर पिल्लू उभं. तू ते माझ्या हातात दिलंस, म्हणालीस, "ही तुझी." मला त्याच्या आधी कुणी माझं असं काही दिलं नव्हतं.

त्या पिल्लाची कोंबडी झाली, तिला पिल्लं झाली. पुढच्या साली माणसं कोकणात गेली आणि गावात कोंबड्यांची मर आली. मानमोडी म्हणायचे तिला, कोंबडीची मान पिळवटून जाते. माझ्या कोंबडीचं एक पिल्लू गळून बसलं तशी तू ते उचलून पार बांधाकडं नेलंस, फुटक्या डालग्याखाली ठेवलंस. मी मागं आले तर हात तोडीन म्हणालीस. दिवस मावळायला आला, वारं सुटलं. डालग्याला भोक होतं, त्यातून ते चिवचिवत होतं. तू आणि काकी पाण्याला गेल्या होतात. मी ते ओच्यात घेतलं आणि त्याच्या आईच्या पोटाखाली सारलं. लगेच गप्प झालं. मला वाटलं, झालं बरं. सकाळी उठून बघितलं तर मेलेलं. तू उठायच्या आत मी ते नेऊन उकिरड्यात टाकलं, वर राख लोटली. डालगं रिकामं बघून तू म्हणालीस, मुंगसानं नेलं असंल.

चार-पाच दिवसांत चौदा कोंबड्या गेल्या. माझी पण. तू एकेक पुरत होतीस. मग कुत्र्यानं उकिरडा उकरला आणि ते पिल्लू वर आलं. काकीच्या कोंबड्या तुझ्या आधी दोन दिवस मेल्या होत्या. तू ते पिल्लू पायाला धरून तिच्या दारात फेकलंस. "मेलेलं पिल्लू आमच्या कोंबड्यांत टाकलंस! तुझं गेलं म्हणून माझं पण जावं व्हय गं?" काकी म्हणाली, "जाऊबाई, माझ्या कुकवाची शपथ, म्या न्हाई टाकलं." तू म्हणालीस, "कुकू पुसंल तुझं." मी दाराआड उभी होते आये. आठ वर्षांची. बाहेर आले नाही.

दुसऱ्या दिवशी तू अंगणाच्या मधोमध कुडाची ताटी घातलीस. सगळा उन्हाळा दोन चुली, दोन बाया, ताटीच्या अलीकडं-पलीकडं, बोलायला कुणी नाही. माणसं परत आली ती ताटी बघून येड्यासारखी उभी राहिली. पुढं दोन सालांनी काका घाटात दरडीखाली सापडले, तेव्हा काकी ताटीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "झालं तुझं समाधान?" तू त्या दिवशी जेवली नाहीस, ते मी बघितलं. माझ्या हळदीला ती आली नाही. तू शेवटची आजारी पडलीस तेव्हा ती दाराबाहेर तांब्या घेऊन उभी होती, आणि तू मान हलवलीस. "तिच्या हातचं पाणी माझ्या तोंडात घालू नका." चमचा माझ्या हातात होता. तेव्हा मी पस्तिशीची, दोन लेकरांची आई. तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

परवा काकीला बघायला गेले. नव्वदीच्या पुढं गेलीय, अवसरीलाच असते, माणसं ओळखत नाही. नात पिल्लाला सोडून यायला तयार नाही, मग खोक्यासकट घेतलं. जीपवाला म्हणतो, "आजी, ह्या पावण्याला मांडीवर घ्या, न्हाईतर शीट धरंल." सगळी जीप हसली, मी पण. काकीच्या खाटेवर नातीनं पिल्लू सोडलं. म्हातारीनं ते निरखलं. मग उशाची ताटली घेऊन हळूच त्याच्यावर पालथी घातली आणि नखांनी वाजवायला लागली. टिक टिक टिक. माझ्याकडं बघून म्हणाली, "वाजीव की, जाऊबाई."

मी आता तुझ्यासारखीच दिसते आये. सगळे म्हणतात. मी वाजवलं. नात हसत होती. काकीनं मधेच माझं मनगट धरलं, सगळी हाडंच, आणि तोंड जवळ आणून म्हणाली, "म्या न्हाई टाकलं गं. कुकवाची शपथ खाल्ली, त्ये बी गेलं. अजून तुला खरं वाटत न्हाई?"

मी म्हणाले, "म्हाईत हाय मला. तू न्हाई टाकलं."

"मंग कुणी गं?"

नात बघत होती. पिल्लू ताटलीखालून बाहेर पडून घोंगडीवर चोच घासत होतं. मी म्हणाले, "मर आली व्हती. कुणाची चूक न्हाई." काकीनं डोळे मिटले. तिला पाणी हवं होतं, मी चमच्यानं पाजलं.

तुझ्या तोंडानं मी तिला मोकळं केलं, तुला न विचारता. राग आला तर येऊ दे. पण स्वतःच्या तोंडानं तिथंही बोलले नाही. साठ वर्षं झाली तरी दाराआडच उभी आहे मी.

नात शाळेतून यायची वेळ झाली. ही पानं फाडून खोक्यात अंथरते, तळाचा कागद तसाही घाण झालाय. वहीची पानं कुठं गेली विचारलं तर सांगेन, पिल्लाखाली घालायला घेतली. झाकायचं तेवढं मला अजून जमतं.