कुकाऱ्याला ओ नाही

४ एप्रिल
कसालपासून आत, काजूच्या बागांमधलं हे गाव पाहताक्षणी आवडलं. एकट्या राहणाऱ्या मथुराकाकींकडे खोली मिळाली. रेंज फक्त वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, त्यामुळे मोबाइलचा उपयोग ही रोजनिशी लिहिण्यापुरताच. कंपनीची माकडं पळवणारी मशीन बाबलीदादांच्या बागेत बसवायची आणि महिनाभर सांभाळायची. माकडं कशाला घाबरतात ते ती ऐकून स्वतःच शिकते. पहिल्या नोकरीतलं पहिलं काम, आणि ताटात ओल्या काजूची उसळ. आणखी काय हवं?

९ एप्रिल
मशीन हुशार निघाली. फटाके, भोंगे सोडून तिने काकींनी घातलेला कुकारो उचलला. इथे फोन लागत नाही, म्हणून अडलेला माणूस लांब हाक घालतो, तो कुकारो. ऐकेल त्याने ओ द्यायची आणि धावायचं. आज बागेतून दिवसभर काकींच्या आवाजात कुकारो येत होता. माकडं पसार. माणसं मात्र दोनदा धावत आली आणि हसत परत गेली.

१५ एप्रिल
आता कोणी येत नाही. सड्यावर जाऊन साहेबांना फोन केला, तो आवाज काढा, कोणाचा तरी जीव जाईल. ते म्हणाले, रिझल्ट झकास आहे, व्हिडिओ पाठव. बाबलीदादा म्हणाले, "काजू वाचले मां? मगे तुका कित्याक त्रास?" काकींनी एवढंच विचारलं, "माका काय झाला तर कोणाक हाक मारू गो?" नुसता वैताग. बटण माझ्याच हातात आहे, पण नोकरी अजून पक्की नाही.

१९ एप्रिल
सकाळी गुपचूप बॅटरीच काढून खोलीत आणली. होऊ दे काय व्हायचं ते. जेवून पडले. कुकारो चालूच. कंटाळून कानावर उशी घेतली.

तीन वाजता
बॅटरी इथे, कोपऱ्यात. मग मघाशी तो आवाज —

साडेचार
काकी बागेलगतच्या आटलेल्या विहिरीत पडल्यात. पाय मोडलाय. दोन तास हाका मारत होत्या, मी ऐकत लोळत होते. आधी माणसं आणायची सोडून खाली उतरले, मूर्ख. वरच्या पायऱ्या ढासळल्या. दोघी खाली.

साडेपाच
कुकारो घालतेय. घसा बसला. बाबलीदादा वरच्या वाटेने गेले. कुणाला तरी सांगत होते, "मशिनीत आता त्या इंजिनेर बायचो आवाज भरलो हा." दोघे हसले.

रागवू कुणावर? हाकेला ओ द्यायची नाही, हे गावाला मीच शिकवलं.

काकींचा हात गार. बोलत नाहीत. आणखी एकदा घाल—