चुन्याची पट्टी

घडियाळी पोळ, बडोदे
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५३

चिरंजीव उदयसिंहराव यांस,

अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता ठीक. तुझ्या आईचा गुडघा तेवढा जिन्याशी भांडतो. जमशेदपुरास ऊन तापू लागले असेल. डोक्यावर टोपी घालीत जा.

अकोट्याच्या नव्या घराचे काम जोरात आहे. परवा नदीपलीकडे गेलो, तो खिडकीच्या चौकटीतून वारा आला आणि चौथीच्या वर्गात म्हणून घेत असे ते श्लोक आपोआप ओठांवर आले. भुजंगप्रयात! मुले कशी डोलत! तूही डोलायचास, शेवटच्या बाकावर.

मध्यंतरी काम महिनाभर बंद होते, हे तुला कळवले नव्हते. भिंती उभ्या, गिलाव्याला गवंडी हजर, आणि चुनाच मुरलेला नाही. गवंडीकाम पाहणारा आपला कडिया जीवणभाई म्हणाला, "माष्टरसाहेब, चुनो वहेलो पलाळवो पडे. भाईना कागळमां हतुं ने!"

चुना आधीच भिजत घालावा लागतो, हे तुझ्या कागदात होतेच. दिवाळीत तू तो कागद आणलास. वर आठवडे, खाली एकेका कामाची आडवी पट्टी. चुना भिजवण्याची पट्टी भिंतींच्या पट्टीबरोबरच धावणारी. मी तिच्यावर तांबड्या शाईने काट मारली, 'क्रम चुकला' असा शेरा दिला आणि सगळ्या गवंड्यांसमोर मोठ्याने वाचला. तू न जेवता स्टेशनावर गेलास.

वृत्ताची फोड करताना गुरू अक्षरावर आडवी रेघ देतो ना, तशा मला त्या पट्ट्या दिसल्या. श्लोकात एक अक्षर संपल्यावरच दुसरे येते. घर तसे रचत नाहीत, हे साठीनंतर कळले. तुझी आई म्हणते, "ती तांबडी दौत विहिरीत टाका आधी!"

टाकली नाही. त्याच शाईने माझ्या शेऱ्यातला 'क्रम' खोडला आणि वर 'मास्तर' लिहिले. 'चुकला' तेवढे तसेच ठेवले. कागद आता नव्या घराच्या भिंतीवर आहे. झालेल्या कामाची पट्टी जीवणभाई रोज कोळशाने भरतो. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत होणार, शंकाच नको.

तळाला एक ओळ मी वाढवली आहे, 'उदयचे घरी येणे'. तिची पट्टी आखलेली नाही. किती लांब ठेवायची, ते येऊन तूच आख. जीवणभाईला मी कोळसा राखून ठेवायला सांगितले आहे.

तुझ्या कागदाप्रमाणे चालणारा,
आबा