बॉनेटची चावी

कामतघर, भिवंडी
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप मामी, तुमच्या पायाशी जावई केसरीनाथचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? रोज कुंडावर जाऊन गरम पाण्यात पाय सोडून बसता ना? इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त तुमची लेक अकरा दिवस माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते, पण "भात घ्या" हे ती भिंतीला सांगते. तुम्ही माझा फोन उचलत नाही, तुमच्या लेकाने, हितेशने, त्याचा बंद ठेवलाय, म्हणून वज्रेश्वरीच्या बसमधल्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती हे पत्र पाठवतोय. (उन्नती, सासूबाईंना पत्र तूच वाचून दाखवणार, हे ठाऊक आहे. कंसातलं मनात वाच. नवऱ्याच्या अपमानाने तू चिडली असशील, ते बरोबरच आहे, पण निदान मला वेडावत वाचू नकोस.)

मामी, मला काल जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. पण पहिल्यापासून सांगतो. आपला ट्रक दोन हजार बाराचा. गेली नऊ वर्षं तुमच्या हितेशनेच तो चालवला. मी मालक असलो तरी मला दुसरा गिअर टाकताना देव आठवतात. दोन-तीन महिन्यांपासून ट्रक मंदावत चालला होता. पाय पार खालपर्यंत दाबला तरी काटा तिशीच्या वर जाईना. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी कापडाचे तागे भरून मानकोलीच्या पुलावर चढताना एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं, आणि त्याच्या सायकलवर गॅसचा सिलिंडर बांधलेला होता. वर पोचल्यावर त्याने थांबून आमच्याकडे वळून बघितलं. ते मला फार लागलं.

अशा वेळी शहाणा माणूस शांतपणे विचार करतो. मी गोदामाच्या दारात, हमालांदेखत, हितेशवर तीन आरोप केले: तो भेसळीचं डिझेल भरतो, क्लचवरचा पाय उचलत नाही आणि ड्युटीच्या वेळेत भजी खात बसतो. (तिसऱ्याला पुरावा होता, उन्नती. ट्रकच्या मागे उभं राहिलं की भज्यांचा वास यायचा. मला तर भूक लागायची.) त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "दाजी, इंजिनात दोष न्हाय. त्याचा श्वास मागं कुटंतरी अडकलाय. सायलेन्सर खोलून बघू." मी म्हणालो, माझ्या ट्रकचा जीव घेतलास आणि वर मलाच डॉक्टरकी शिकवतोस? त्याने चावी माझ्या हातात ठेवली, सीटवरचा स्वतःचा पंचा उचलला आणि रिक्षात बसून गेला.

मग मी माझ्या पद्धतीने निदान केलं. लिंबू-मिरची बदलली. डिझेलचा फिल्टर बदलला. पंप उतरवून साफ करून घेतला. ट्रक होता तसाच. शेवटी नाक्यावरच्या इद्रीसभाई मेकॅनिकला बोलावलं. त्याने इंजिन चालू करायला लावलं आणि सायलेन्सरच्या तोंडामागे तळहात धरला. जिथे धुराचा झोत यायला हवा तिथे आजारी माणसाने घातल्यासारखी फुंकर येत होती. तो म्हणाला, सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो, कन्व्हर्टर म्हणतात त्याला. आत पोळ्यासारखी बारीक भोकांची जाळी असते आणि धुरातलं विष तिथे मारलं जातं. ती तुंबली की धूर उलटा इंजिनातच कोंडतो. खात्री करायला त्याने डब्याच्या आधीचा पाइप ढिला केला आणि म्हणाला, आता पळवा. मामी, कामतघरात लूमच्या खडखडाटात शेजारच्याने मारलेली हाक ऐकू येत नाही, तिथे आपल्या ट्रकचा आवाज ऐकून लोक दारात आले! गाडी अशी उसळली की मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पाइप पुन्हा आवळला, की ट्रक पुन्हा मेल्यासारखा. म्हणजे हितेश बोलला होता, अगदी तेच. मी तिथेच टायरवर बसलो.

खरा धक्का पुढेच होता. डबा खाली उतरवून इद्रीसभाईने एका टोकाने बॅटरी मारली. दुसऱ्या टोकाला उजेडाचा ठिपकासुद्धा नाही. स्क्रू-ड्रायव्हरने आतली काळी चिकट मळी खरवडली, स्वतः हुंगली आणि माझ्या नाकापाशी धरली. भजी! मग त्याने इंजिनातल्या ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल खुणेच्या दोन बोटं वर. तो म्हणाला, "शेठ, ये तो खानेका तेल है. इंजिनपे कढई चढाई क्या?" कुणीतरी महिनोन्महिने इंजिनात गोडं तेल ओतत होतं, ते जळत होतं आणि त्याची काजळी जाळीत बसत होती. मधे दोनदा ऑइल बदललं म्हणून इंजिन तरी वाचलं. असं काम कोण करेल, या विचाराने मला रात्रभर झोप नाही. गोदामाबाहेरच्या भजीवाल्यावर माझा संशय आहे. तपास चालू आहे.

आता इथेच आवरतं घेतो. गुडघ्यांना जपा, थोरामोठ्यांना नमस्कार सांगा.

तुमचा जावई,
केसरीनाथ

ता. क. (उन्नती, हे मोठ्याने वाच.) भजीवाल्याचा काही दोष नाही. गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी ब्रेक फेल होऊन हितेश ट्रकसकट रेतीच्या ढिगात घुसला होता, आठवतं? त्याला खरचटलंही नाही. त्या दिवशी मी मारुतीला दर शनिवारी तेल वाहण्याचा नवस बोललो. नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून तुमच्या लेकीलाही सांगितला नाही. दर वेळी वाटीत थोडं तेल उरायचं. देवाला दाखवलेलं तेल टाकायचं कसं, म्हणून बॉनेट उघडून मी ते इंजिनात ओतायचो. चौदा महिने, एकही शनिवार न चुकता. इद्रीसभाईला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हेच जास्त वाईट झालं.

ता. क. दुसरा. ट्रक आता नवा डबा बसवून तयार आहे, पण इद्रीसभाईने बॉनेटला साखळी घालून कुलूप लावलंय. त्याची चावी मालकाला देणार नाही, हितेशच्याच हातात देईन म्हणतो. सोमवारपासून हितेश मानकोलीला दुसऱ्यांची गाडी चालवणार, असं कानावर आलंय. मामी, त्याला उद्याच पाठवा. त्याने येऊन मला हमालांदेखत हवं ते बोलावं, मी ऐकून घेईन. चुकलो मी.

ता. क. शेवटचा. आजही वाटीत तेल उरलं. सवयीने ट्रकपाशी गेलो, कुलूप बघितलं, मागे फिरलो आणि वाटी मारुतीच्याच डोक्यावर रिकामी केली. हितेशला सांगा, नवस त्याच्यासाठी होता. आणि भजी त्याने खाल्ली नव्हती, हेही सांगा.