फोटोतले केस

९ जुलै
सानगडीहून मामाचा फोन, स्थळ आहे तिथलं. "पोरीनं फोटो पाह्यला. रोवणी आटोपली का या म्हनते." म्हणजे धानाची लावणी संपेपर्यंत महिनाभर आहे. आई खूश. मी नाही.

तो फोटो मीच काढला आणि मीच दुरुस्त केला. लाखांदुरात स्टुडिओत बसून सहा वर्षं हेच करतोय. बायोडाट्याचे फोटो गोरे करायचे, पुटकुळ्या पुसायच्या. कपाळ मागे सरकलेलं गिऱ्हाईक आलं की मी न विचारता केस भरतो, तोही काही न बोलता घेऊन जातो. इकडे याला कोणी खोटं म्हणत नाही. स्वतःच्या फोटोवर मात्र दोन तास घालवले. वय अठ्ठावीस, कपाळ अर्ध्या डोक्यापर्यंत.

११ जुलै
मुलीचं नाव प्रणाली. साकोलीला लॅबमध्ये नोकरी. फोटोत हसत नाही. मला आवडली. फार आवडली.

१५ जुलै
नागपूर. स्टुडिओत 'लग्नाची ऑर्डर' सांगून गेलो. केस लावून देणारं क्लिनिक, काचेचं दार, एसी. डॉक्टर दिसलेच नाहीत. एक मॅडम होत्या. त्यांनी निळ्या पेनने माझ्या कपाळावर रेघ मारली, तीन हजार मुळं लागतील म्हणाल्या. मागून काढायची, पुढे लावायची. एक दिवसाचं काम, संध्याकाळी घरी. "शनिवारची तारीख पकडून ठेवू का सर?" मी हो म्हणणारच होतो. मग विचारलं, महिन्याभरात फोटोसारखा दिसेन ना? "हळूहळू येतात सर." हळूहळू म्हणजे किती, ते सांगेनात. तारीख नंतर कळवतो म्हणालो. रेघ पुसायचं विसरलो, बसमध्ये सगळे बघत होते.

१६ जुलै
घरी सांगून टाकलं. बाबा धानाच्या बांधीतून आलेले, पायाला चिखल. त्यांच्या डोक्यावर कानाजवळ तेवढे केस आहेत. शांतपणे ऐकलं, मग केसांच्या मुळांना धानाच्या रोपांचा शब्द लावून विचारलं.
"पऱ्हे कोठून आनतेत?"
"मागून."
"थ्या जागी मंग परत येतेत का?"
"नाही."
"आन् पुढचे रायलेले आनखी झडले तं? रोवाले पऱ्हे कोठचे?"
मॅडमला फोन लावून तेच विचारलं. त्या शनिवारचंच विचारत राहिल्या. जन्मभर धान रोवलेल्या माणसाने पहिल्या झटक्यात विचारलं ते मी एसीत बसून विचारलं नाही. राग आला. कोणाचा ते कळलं नाही.

२२ जुलै
भंडारा. चामडीचे डॉ. म्हातारे, तुसडे. भिंगाने डोकं पाहिलं, मागचं जास्त पाहिलं. कधीपासून जातात, बाबांचं डोकं कसं, साखर, गोळ्या, सगळं विचारलं. मग म्हणाले, अजून गळती चालू आहे. आत्ता पुढे लावलेत तर लावलेले राहतील, त्यांच्या मागचे जातील आणि मध्ये मोकळं पडेल. मागचा साठा एकदाच वापरता येतो. आधी वर्षभर औषध घेऊन गळती थांबते का पाहू. औषध सोडलं तर फायदाही जातो, त्रास झाला तर लगेच यायचं.

विचारलं, केलंच तर? म्हणाले, लावलेले केस पहिल्या महिना-दोन महिन्यांत गळतात, घाबरायचं नाही. तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, पूर्ण रूप यायला वर्ष. आणि सुई कोणाच्या हातात असणार ते आधी विचारा, डॉक्टरच्या की दुसऱ्याच कोणाच्या.

म्हणजे रोवणी संपेपर्यंत काही होत नाही. बसस्टँडवर चहा घेतला. उगाच हलकं वाटलं, मग फोनमध्ये तो फोटो उघडून पाहिला.

४ ऑगस्ट
आमची रोवणी संपली. त्यांचीही. १२ ला जायचं. आई म्हणते टोपी घाल, आजकाल पोरं घालतात. घरात बसून टोपी?

१२ ऑगस्ट
सानगडी. टोपी घातली नाही. पोहे आले. तिचे काका फोन हातात घेऊन एकदा स्क्रीनकडे, एकदा माझ्याकडे. "फोटोतले तुमीच ना जी?"

म्हणालो, मीच. केस मी भरले, कॉम्प्युटरवर. बाबा पोह्यांकडे बघत राहिले. काकू हसल्या आणि मध्येच थांबल्या.

तरी दोघांना अंगणात बोलायला सोडलं. प्रणालीने आधी विचारलं, "ऑपरेशन करनार हाय का?" डॉ.चं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं, रक्ताचे रिपोर्ट विचारले. मग म्हणाली, "केसाचं मले काही नाही. मायच्या मनात दुसरा पोरगा होता. तुमचा फोटो पाहून मी तिच्यासंगं भांडली, यालेच बोलवा म्हनून. आता सांगा, मी कोनासाठी भांडली?"

जोड्याने मारलं असतं तर बरं होतं.

१३ ऑगस्ट
काम सुचेना. एक गिऱ्हाईक आलं, कपाळ माझ्यासारखंच. पहिल्यांदाच विचारलं, "केस भरू का?" तो चिडला. "हे का इचारनं झालं?" भरून दिले.

दुपारी माझेच तीन फोटो काढले. समोरून, वरून, मागून. काही न पुसता तिला पाठवले. खाली लिहिलं, 'याच्यासाठी भांडाल का ते तुम्ही ठरवा. ऑपरेशन वर्षभर तरी नाही. पुढे केलं तर माझ्यासाठी करीन.' शेवटचं वाक्य खरं आहे का, माहीत नाही.

१४ ऑगस्ट
तिचं उत्तर: 'पाहिले.' एवढंच.
क्लिनिकच्या मॅडमचा फोन. नाही म्हणालो. भंडाऱ्याच्या डॉ.ची गोळी सुरू.

२१ ऑगस्ट
आठवडा झाला, काही नाही. आज मामाचा फोन. रविवारी बाबांना घेऊन या, असा मुलीकडचा निरोप. कशासाठी ते सांगितलं नाही.
आई म्हणते, "नाही म्हनाचं असतं तं फोनवरच सांगतली असती. बापाले कायले बोलवतीन?"
बाबा म्हणाले, "बोलवतेत. मले बोलवलं होतं एकदा, पोरगी पाहून आल्यावर. पोहे देल्ले, चहा देल्ला, आन् नाही म्हनले."
आई उभीच राहिली. "कवा? कोनाच्या घरी?"
बाबांनी डोक्याला शेला गुंडाळला आणि बांधीत पाणी पाहायला निघून गेले. रविवारला चार दिवस आहेत. मला ती हवी आहे.