डोळ्यांखालची पुट्टी

सूनबाई,

तुझ्या ड्रॉवरमधली कन्सीलरची ट्यूब सकाळी मी घेतली होती. आता जागेवर ठेवली आहे. अर्धी संपली, त्यावर काही बोलू नकोस.

जागरणांनी डोळ्यांखाली काळं झालं होतं, गालांवरचे वांगाचे डागही उठून दिसत होते. माझा असा अवतार बघून ह्यांच्या जिवाला आणखी घोर नको, म्हणून लावलं. किती लावायचं हे मला कुठे माहीत? बोटाने थापलं. त्यात तू गोरी, मी सावळी, हे आरशासमोर सुचलंच नाही.

ऑपरेशन झाल्यापासून हे एकही शब्द बोलले नव्हते, तुला माहीतच आहे. डॉक्टर रोज "वाट बघू" म्हणायचे. आज मी जवळ बसले तर हे माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग हात उचलून माझ्या डोळ्याखाली बोट फिरवलं, जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवताना फिरवायचे तसं, आणि सावकाश म्हणाले, "पुट्टी लावलीस, पण घासली नाहीस."

नर्स हसली. मी रडले, त्यात होती नव्हती ती पुट्टीही वाहून गेली.

आंघोळ करून परत निघाले आहे. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. संध्याकाळी येताना ट्यूब आण. दुसरा हात सुनेकडून मारून घे, असा पेंटरसाहेबांचा हुकूम आहे. आणि ह्या वेळी नीट घासून.

आई